शाळा कुणाच्या हातात द्यायची?

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून वीसेक गुंठ्यांचा एक तुकडा मोकळा पडला आहे. गाजरगवत, दोन बाभळी, एका कोपऱ्यात फुटक्या फरश्या आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. पुण्याच्या वेशीवरचं हे गाव महापालिकेत आलं आणि बघता बघता दहा-बारा मजली इमारती उभ्या राहिल्या. मोठा लेआउट मंजूर करून घेताना बिल्डरला काही जागा सार्वजनिक सोयींसाठी द्यावी लागते, तिला इथे सगळे अ‍ॅमेनिटी स्पेस म्हणतात. हा तुकडा म्हणजे ती जागा. तिथे प्राथमिक शाळा व्हावी, यावर आमच्या भागात कुणाचं दुमत नाही. दुमत आहे ते ती चालवणार कोण, यावर.

श्रावणातल्या एका रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बैठक झाली. एका संस्थेचे गृहस्थ गुळगुळीत माहितीपत्रकं घेऊन आले होते. जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने संस्थेला मिळाली तर दोन वर्षांत इमारत, पहिल्या दिवसापासून इंग्रजी माध्यम, प्रत्येक वर्गात डिजिटल फळा. लोक मन लावून ऐकत होते. शेजारच्या विंगमधला एक तरुण बाप माझ्याकडे वळला. "बाई, तुमची सगळी नोकरी शाळांत गेली. तुम्हीच सांगा, महापालिकेची बरी का संस्थेची?"

छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेत होते. वीस वर्षं वर्गावर, पुढची सोळा केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या चौदा शाळांना भेटी देणं, त्यांच्या अडचणी वर पोचवणं आणि वरून आलेले कागद खाली पोचवणं. त्या दिवशी मी एवढंच म्हणाले, "दोघांनाही एकच विचारा. भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांतलं मूल दारात येऊन उभं राहिलं, तर त्याला नाही म्हणायची मुभा तुम्हाला आहे का?"

त्या गृहस्थांनी माहितीपत्रक चाळलं. त्यात त्याचं उत्तर नव्हतं.

हा प्रश्न मी पुस्तकातून शिकलेले नाही. तो मला २००१ साली सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका म्हाताऱ्या मेंढपाळाने शिकवला. गावापासून तीन किलोमीटरवर, ओढ्यापलीकडे त्यांची वस्ती होती. सतरा उंबरे. माण दुष्काळी खरा, पण परतीच्या पावसात ओढा तासाभरात चढायचा आणि मग दोन-दोन दिवस मुलं गावच्या शाळेत पोचायची नाहीत. मोठी पोरं कशीबशी यायची, पहिली-दुसरीची घरीच राहायची, आणि एकदा मागे पडलेलं मूल मेंढरांमागे जायचं ते जायचंच. त्याच सुमारास वस्तीशाळा योजना आली. इमारत उभी राहीपर्यंत थांबायचं नाही. जवळपासच्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला स्वयंसेवक म्हणून घ्यायचं, महिन्याला एक हजार रुपये मानधन द्यायचं आणि मिळेल त्या सावलीत शाळा सुरू करायची. स्वयंसेवक निवडायचा तो ग्रामशिक्षण समितीने.

बैठक मारुतीच्या देवळात भरली. दोन अर्ज होते. एक गावातल्या वजनदार घरातला मुलगा, बारावी पास, अक्षर सुरेख, दारात मोटारसायकल. दुसरी त्या वस्तीचीच सून. तीही बारावी झालेली, पण लग्नानंतर चार वर्षं पुस्तकाला हात न लावलेली. ती मांडीवर तान्हं घेऊन देवळाच्या पायरीवर बसली होती, आत आलीच नाही. समितीचा कल उघड दिसत होता. मलासुद्धा मनातून तो मुलगाच बरा वाटत होता, हे मी आज सांगून टाकते. त्याचं वाचन चांगलं होतं आणि गणिताची मी विचारलेली दोन्ही उदाहरणं त्याने तोंडी सोडवली होती.

तेव्हा मागे खांबाला टेकून बसलेले वस्तीवरचे एक आजोबा उठले. म्हणाले, "पोरगं हुशार हाय, त्याबद्दल शबूद न्हाय. पर वड्याला पानी आलं की त्यो पल्याड ऱ्हानार. ही अल्याड हाय."

एवढंच बोलून ते खाली बसले. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्या मुलाच्याच चुलत्याने ठरावावर सुनेचं नाव घालायला सांगितलं. त्यांनी दाखवलेला मोठेपणा मी विसरलेले नाही.

शाळा एका छपरात भरली. पहिल्या दिवशी पट तेवीस. दोनशे पानी वहीत रेघा मारून तिने हजेरी केली होती. मुलं तिला बाई म्हणायचीच नाहीत, वैनी म्हणायची, कारण कालपर्यंत ती सगळ्यांची वैनीच होती. सकाळी एखादं मूल आलं नाही तर ती दोन घरं ओलांडून त्याला हाताला धरून आणायची. त्या वर्षीच्या पावसात मी ओढ्याच्या अलीकडे, म्हणजे गावाच्या बाजूला उभी होते. पाणी गुडघ्याच्या वर होतं, मला जाता येईना. पलीकडून पाढ्यांचा आवाज येत होता. तिला डी.एड. करायला, नियमित शिक्षक व्हायला फार वर्षं लागली. राज्यातल्या वस्तीशाळा शिक्षकांना शासनाने नियमित सेवेत घेतलं ते २०१४ साली. तोवर ती तुटपुंज्या मानधनावर राबली. याचं मला वाईट वाटतं, आणि शाळा कोण चालवणार हे ठरवताना चालवणाऱ्याच्या पोटाचा विचारही त्याच बैठकीत व्हायला हवा, असं मी तेव्हापासून मानत आले.

आता कायदा काय सांगतो ते बघू, कारण आमच्या पार्किंगमधल्या बैठकीत ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. परिसरात शाळा नसेल तर ती काढण्याची जबाबदारी त्याने सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. स्थानिक प्राधिकरण म्हणजे खेड्यात जिल्हा परिषद, शहरात महापालिका किंवा नगरपालिका. परिसर म्हणजे किती, हे महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत आहे: पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन. एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि सहा ते अकरा वयाची किमान वीस मुलं आहेत, तर प्राथमिक शाळेची मागणी नियमात बसते. म्हणजे आमच्यासारख्या भागाने कुणाकडे शाळेची भीक मागायची नाही, हक्काने अर्ज करायचा. कामासाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं, हेही याच कायद्याने स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांत घातलं आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही.

खासगी संस्थेला नवी शाळा काढायची तर वाट वेगळी. २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आहे. सरकार एक पैसा अनुदान देत नाही, संस्था शुल्कावर शाळा चालवते. शुल्कावर लगाम म्हणून २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे, त्यात शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढे शुल्काचा प्रस्ताव ठेवावा लागतो. आणि अशा शाळेला प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना मोफत द्याव्या लागतात. त्या पंचवीस टक्क्यांचीही लढाई सोपी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला यातून मोकळं केलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द केला. तरीही हिशोब सरळ आहे: चाळीस जागांत दहा. अकराव्या मुलाने शुल्क भरायचं किंवा दुसरीकडे जायचं. महापालिकेच्या शाळेत अकरावं मूल आणि एकशे अकरावं मूल यांत फरक करता येत नाही. मुलं वाढली तर शिक्षक वाढवून मागायचे: साठ मुलांपर्यंत दोन, नव्वदपर्यंत तीन, एकशे वीसपर्यंत चार.

या दोहोंच्या मधला एक मार्ग पुण्यात आधीपासून आहे. इमारत महापालिकेची, शिक्षण मोफत, पण शिकवणं आणि रोजचा कारभार एखाद्या सेवाभावी संस्थेकडे. आकांक्षा फाउंडेशन पुणे, पिंपरी-चिंचवड आणि मुंबई महापालिकांबरोबर अशा शाळा चालवते. हा मार्ग मला वर्ज्य नाही. फक्त करार बघावा. किती वर्षांचा आहे, तो संपल्यावर मुलांचं काय, आणि प्रवेशाची यादी कुणाच्या सहीने निघते, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. माध्यमाच्या मोहातही एकदम पडू नये. पुणे महापालिका स्वतःही मराठी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालवते.

हा वाद काही आजचा नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं, त्यात हाच प्रश्न आहे. मोठ्या शहरांतल्या प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, पण त्यांचा कारभार सर्वस्वी त्यांच्या हाती सोपवू नये, शिक्षण खात्याची देखरेख राहावी, असं त्यांचं म्हणणं होतं. पैसा देणारा आणि लगाम धरणारा यांत ते फरक करत होते. शिक्षकाचा पगार वाढवावा आणि शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, हेही त्यांनी त्याच निवेदनात मांडलं. ते वाचताना मला माणमधले खांबाला टेकलेले आजोबा आठवतात. दोघांनाही एकच काळजी होती: शिकवणारा आमच्या बाजूचा आहे ना?

संस्थांबद्दल माझ्या मनात आकस नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, पुढे खेडोपाडी शेकडो व्हॉलंटरी प्राथमिक शाळा उघडल्या, त्या सरकार पोचत नव्हतं तिथे उघडल्या. माझे वडील अशाच एका शाळेत अक्षर शिकले, म्हणून मी शिकले. पण रयतच्या त्या शाळा दारात येणाऱ्या मुलाला ऐपत विचारत नव्हत्या. आजच्या संस्थेचं मोल करताना मी तोच गज लावते.

आणि सरकारी शाळेची बाजू घेते म्हणून तिचे दोष झाकणार नाही. माझ्या केंद्रातल्या एका शाळेत एक शिक्षक बदलून गेला आणि सात महिने दुसरा आला नाही. चार वर्गांना एक बाई. मी दर महिन्याच्या अहवालात रिक्त पद लाल शाईने लिहीत होते. उत्तर आलं नाही. शेवटी पालकांनी वर्गणी काढून गावातली एक मुलगी ठेवली. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांत शिक्षकाचा दिवस कसा जातो ते मी सोळा वर्षं बघितलं आहे. आता भरती पवित्र प्रणालीतून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर राज्यभरातून होते. वशिला गेला ही चांगली गोष्ट झाली, पण शिक्षक कोण येणार यात गावाचा शब्द चालत नाही. वैनीसारखी निवड आज होऊच शकणार नाही.

मग पालकांच्या हातात काय उरतं? शाळा व्यवस्थापन समिती. तिच्याकडे लोक कागदावरची समिती म्हणून बघतात, आणि याचं मला खरंच दुःख होतं. सरकारी आणि अनुदानित शाळेत ती असलीच पाहिजे, असं शिक्षणहक्क कायदा सांगतो. विनाअनुदानित शाळेला ते बंधन नाही, एवढी एक गोष्ट आमच्या बैठकीत कुणी सांगितली असती तर चर्चा वेगळी झाली असती. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच हवेत, निम्म्या सदस्य महिला हव्यात. अध्यक्ष पालकांतून, सचिव मुख्याध्यापक. सदस्य पालकसभेत ठरतात, सभा दर महिन्याला. शाळेचा विकास आराखडा ती करते, अनुदान कुठे खर्च झालं ते ती बघते.

बघते म्हणजे कसं, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. फलटण रस्त्यावरच्या एका गावात मासिक सभा होती. पट बासष्ट, शाळा पहिली ते पाचवी. विषय होता शालेय पोषण आहार. मुख्याध्यापक साठा नोंदवही वाचत होते: तांदूळ पन्नास किलोच्या चार गोण्या जमा. समितीत बाजारात भाजी विकणारी एक आई होती. ती म्हणाली, "गुरुजी, गोणी पन्नासाची हाय हे कुणी बघितलं?" गुरुजी म्हणाले, "गोणीवर छापलंय, ताई." ती उठली, घरी गेली आणि भाजीच्या हातगाडीवरचा काटा घेऊन आली. एवढ्या मोठ्या गोणीला तो काटा पुरेना. मग वर्गातल्या सतरंजीवर गोणी उपडी केली आणि पाच-पाच किलो करत तांदूळ मोजला. मुलं दाराशी गोळा होऊन मोठ्याने आकडे म्हणत होती. पाच, दहा, पंधरा. नवव्या खेपेला पंचेचाळीस झाले आणि सतरंजीवर मूठ-दोन मूठ दाणे उरले.

मुलामागे रोज शंभर ग्रॅम, बासष्ट मुलांना सहा किलो दोनशे ग्रॅम. पन्नास किलोची गोणी आठ दिवस पुरायला हवी, ती सात दिवसांतच संपत होती आणि आठव्या दिवशी खिचडी पातळ होत होती. स्वयंपाक करणाऱ्या बचत गटावर लोकांचा संशय होता, तो त्या दिवशी फिटला. खोट पुरवठादाराकडून येत होती. गुरुजींनी तिथल्या तिथे पंचनामा लिहिला, पुढच्या खेपेपासून गोण्या मोजून घ्यायचा ठराव झाला, आणि त्या आईने ठरावाखाली सही केली. तिची सही म्हणजे नावाची पाच अक्षरं, एकेक सुटं काढलेलं. तिच्या मागे मुलांनी सतरंजीवरचे दाणे वेचून डब्यात भरले.

एखाद्या शुल्काच्या शाळेत पालक तक्रार करू शकतात, करतातही. पण काटा घेऊन कोठीत शिरायचा अधिकार त्यांना कायद्याने दिलेला नाही. तिथे शेवटचा उपाय म्हणजे दाखला काढून मूल दुसरीकडे घालणं, आणि तो उपाय ज्यांना परवडतो त्यांच्यासाठीच असतो.

शाळा बंद कोण करू शकतं, हेही धरायला हवं. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक सरकारी शाळा जवळच्या शाळांत सामावून घ्यायचा निर्णय राज्याने घेतला होता. म्हणजे सरकारी शाळाही अमर नसते. मात्र तेव्हा गावांनी ग्रामसभा घेतल्या, ठराव केले, आमदारांना गाठलं, कायद्याचं कलम दाखवून जाब विचारला. जाब विचारायला दार होतं. एखाद्या संस्थेने न परवडल्याने शाळा आवरती घेतली, तर पालकांनी कुणाचं दार ठोठावायचं?

पार्किंगमधल्या बैठकीनंतरच्या रविवारी आम्ही सहाजणींनी आणि त्या तरुण बापाने मुलं मोजायचं ठरवलं. मोजल्याशिवाय मागायचं काय? फूलस्केप कागदावर चार रकाने आखले: मुलाचं नाव, वय, पालक काय करतात, आत्ता कोणत्या शाळेत. आधी आमचे टॉवर, मग जुनं गावठाण, मग भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या खोल्या. टॉवरमध्ये लोक चहा देत होते आणि चौथ्या रकान्यात मोठमोठी नावं लिहीत होते. यातली बरीच मुलं रोज पाऊण तास बसमध्ये काढतात, हेही त्यांनी सांगितलं. पत्र्याच्या खोल्यांत दुपारी मोठी माणसं कामावर होती. सात-आठ वर्षांच्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन दारात आल्या. बरीच कुटुंबं मराठवाड्यातली, काही कर्नाटकातली, दोन-तीन बिहारची. एका मुलीला मी विचारलं, गावाकडे कितवीत होतीस? "दुसरीत," ती म्हणाली, "बाईंनी दाखला दिला न्हाई, आई म्हनली परत जायचंय." मी तिला सांगितलं, दाखला नसला तरी प्रवेश मिळतो. तिने कडेवरच्या भावाला दुसऱ्या कुशीवर घेतलं आणि विचारलं, "कुठल्या शाळेत?"

सहा ते अकरा वयाची एकशे सदतीस मुलं निघाली. त्यांतली अठ्ठेचाळीस पत्र्याच्या खोल्यांतली, आणि त्या अठ्ठेचाळिसांपैकी एकोणतीस मुलांचा चौथा रकाना कोरा. सर्वांत जवळची महापालिकेची शाळा महामार्गाच्या पलीकडे, आमच्या मोजणीने दोन किलोमीटर. यादीला अर्ज जोडला. महापालिकेने या जागेवर स्वतःची प्राथमिक शाळा काढावी, जागा भाडेपट्ट्याने देऊ नये, आणि इमारत होईपर्यंत तात्पुरत्या शेडमध्ये वर्ग सुरू करावेत. खाली सह्या आणि अंगठे मिळून नव्वद. डिजिटल फळ्याने भारावलेल्यांतल्याही कित्येकांनी सही केली. काहींनी केली नाही, त्यांच्याशी मी अजून बोलते आहे.

सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायला गेलो. आवक-जावकच्या टेबलावरच्या तरुणाने कागद उलटसुलट केले आणि विचारलं, "संस्थेचं नाव काय?"

"संस्था नाही," माझ्याबरोबर आलेली गवंड्याची बायको म्हणाली. "आम्ही पोरांचे आईबाप."

त्याने क्षणभर आम्हा सगळ्यांकडे बघितलं, नोंदवहीत अर्जदाराच्या रकान्यात "परिसरातील पालक" असं लिहिलं, आणि आमच्या प्रतीवर शिक्का मारून दिला.